हातातली शिवण संपेपर्यंत

कोटाची बाही तिने उपटली तेव्हा गिऱ्हाईक अजून त्या कोटाच्या आतच होतं. एका हाताला कोट आणि दुसऱ्या हाताला नुसता शर्ट, अशा अवस्थेत तो भला माणूस आरशासमोर उभा राहिला आणि दुकानातल्या सगळ्या मशिनी एकदम बंद पडल्या.

झालं होतं इतकंच, की बाही आखूड झाली होती, आणि ती तिच्या हातून झालेली नव्हती. सकाळी तिने खडूने आखलेली रेघ दुपारपर्यंत दोन बोटं वर सरकली होती. कुणी सरकवली हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं, कारण दुय्यम कटर शेजारीच उभा राहून गिऱ्हाइकाला हळू आवाजात सांगत होता, "मॅडमना घरचा जरा त्रास आहे हो हल्ली. होतं असं. तुम्ही काळजी करू नका, मी बघतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढचं सगळं तिला नंतर इतरांकडून ऐकावं लागलं. बाही उपटून तिने त्याच्या तोंडावर फेकली, गळ्यातली मापाची टेप ओढून भिरकावली, आणि ती टेप गिऱ्हाइकाच्या चष्म्यावर जाऊन बसली.

कपडे शिवणाऱ्या त्या मोठ्या दुकानात ती कितीतरी वर्षं मुख्य कटर होती. कापडाला हात लावला की ते कुठे ताणेल नि कुठे रुसेल हे तिला समजायचं. पण तिला सगळे म्हणायचे 'तोफ'. पाठीमागे म्हणायचे, आणि ते तिला ठाऊक होतं. त्याला म्हणायचे 'साखऱ्या'. तो दुय्यम कटर. कुणाशीही बोलताना मान जराशी तिरकी करणार, आवाज खाली आणणार, आणि समोरच्याच्या खांद्यावरचा नसलेला दोरा उचलून टाकणार. तिच्या तोफेला बत्ती कुठे असते हे त्याला तिच्यापेक्षा जास्त चांगलं माहीत होतं.

मालकीणबाईंनी संध्याकाळपर्यंत निर्णय दिला. "तुला काढून टाकत नाही, तुझा हात मला हवाय. पण तुझं तोंड गिऱ्हाइकासमोर नको. उद्यापासून मागच्या खोलीत बस."

मागच्या खोलीत अल्टरेशनची कामं चालायची. पँट आखूड करा, कंबर सैल करा, चेन बदला. मुख्य कटरच्या टेबलाशी साखऱ्या उभा राहिला. पहिल्याच दिवशी तो मागे डोकावला आणि मान तिरकी करून म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका हं, मॅडम. मी आहे ना."

*

घरी ती आणि तिची थोरली बहीण, दोघीच राहायच्या. ताई शहरातली बस चालवायची. सकाळची पाळी संपवून ती घरी यायची, गरम पाण्यात पाय सोडून बसायची, आणि धाकटी कामावरून आली की तिचं ऐकायची. धाकटी पर्स पलंगावर टाकायची, पाठोपाठ स्वतःलाही टाकायची आणि भिंतीकडे तोंड करून सुरू व्हायची. माझंच नशीब फुटकं. मी मर मर मरायचं आणि लोकांनी वर चढायचं. नवऱ्याने तेच केलं, बाबांनी तेच केलं, आता हा साखऱ्या. मी कुणाचं काय वाकडं केलं होतं?

ताईने बरेच दिवस ऐकलं. मग एका संध्याकाळी तिने पाय पाण्यातून काढले, पुसले आणि विचारलं, "तुला त्याचा सूड घ्यायचाय का?"

धाकटी भिंतीकडून वळली. असा सरळ प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. "घ्यायचाय," ती म्हणाली. "त्याला नाक घासायला लावायचंय. त्या टेबलासमोर. सगळ्यांच्या देखत."

"मग लोळत पडून कुणी सूड घेतल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही."

"तुला चेष्टा सुचतेय."

"चेष्टा नाही. मला रोज रस्त्यावर शिव्या बसतात. गाडी थांबवली म्हणून बसतात, नाही थांबवली म्हणूनही बसतात. परवा एक जण काचेवर थुंकला. तिथे मी तुझ्यासारखी उसळले तर भरलेली बस कुठे घालू?"

"मग काय करतेस?"

"उत्तर पुढच्या स्टॉपवर देते. आत्ता नाही. स्टॉप येईपर्यंत हात स्टेअरिंगवर. स्टॉप आला की बघते, अजून द्यायचंय का. कधी देते, आणि तेव्हा नीट लागेल असं देते. बरेचदा लक्षातसुद्धा राहत नाही." ताईने टॉवेल दोरीवर टाकला. "तो साखऱ्या तुझ्यावर जिंकत नाही गं. तो नुसती काडी ओढतो. जळण सगळं तुझं."

हे धाकटीला झोंबलं. इतकं झोंबलं, की त्या रात्री ती न जेवताच झोपली. पण सकाळी उठल्यावर तिने आधी अंथरूण घडी करून ठेवलं, म्हणजे संध्याकाळी त्यावर कोसळायला नको. ताईने मग दोन नियम स्वतःच्या मनाने जोडले. रडगाणं गायचं असेल तर गॅसवर दूध ठेवून, उभ्याने गायचं. दूध वर आलं की बंद. आणि संध्याकाळी दिवसाचं सांगताना प्रत्येक वाक्य 'मी'ने सुरू करायचं. "तुला कुणी काय केलं ते नको. तू काय केलंस ते सांग."

"हे काय शाळेत घातलंयस का मला?"

"सूड हवाय ना? मग हात आधी तुझ्या ताब्यात आण. ज्याचा स्वतःचा हात हलतो त्याने नेम धरू नये."

धाकटीने ते मनावर घेतलं. चांगलं व्हायचं म्हणून नव्हे. ती उभ्याने रडायला शिकली ती साखऱ्याचा पडलेला चेहरा डोळ्यांसमोर ठेवून. दुधावर साय धरत असताना ती त्याला मनातल्या मनात खडूच्या रेघेवर नाक घासायला लावायची, आणि दूध वर आलं की निमूट गॅस बंद करायची.

कामावर स्टॉप नव्हता, म्हणून तिने स्वतःचा नियम केला. हातात जी शिवण आहे ती संपेपर्यंत उत्तर द्यायचं नाही. कुणी काही बोलो, दोरा तोडल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

सुरुवातीला ते सपशेल फसलं. मागच्या खोलीत तिच्याबरोबर इस्त्रीवाल्या काकू असायच्या. वयस्कर, कमी ऐकू येणाऱ्या, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या. एकदा त्यांच्या हातून एका शर्टाचा कफ करपला आणि तोफ उडाली. शिवण अर्धी, सुई कापडात तशीच, आणि ही उभी राहून खोली डोक्यावर घेतेय. काकूंनी इस्त्री उभी करून ठेवली, त्या भिंतीकडे वळल्या आणि पदराने डोळे टिपत राहिल्या.

संध्याकाळी ताईसमोर वाक्य 'मी'ने सुरू करायचं होतं. "मी आज काकूंना रडवलं," असं म्हणून ती थांबली. पुढे काय जोडायचं ते सुचेना. कफ करपला होता हे 'मी'त बसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी धाकटीने जाऊन काकूंना मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "चुकलं माझं. कफ मी बदलून देते." सगळ्या दुकानाला ते ऐकू गेलं. पलीकडे टेबलाशी साखऱ्या हसला, आणि तिने ते हसणं जपून ठेवलं.

हळूहळू जमायला लागलं. साखऱ्या काड्या टाकतच होता. मुद्दाम वाकडे कापलेले कपडे दुरुस्तीला तिच्याकडे पाठवायचा, आणि वरून विचारायचा, "जमेल ना मॅडम? की शिवणाऱ्या मुलींकडून करून घेऊ?" एकदा सगळे ऐकत असताना म्हणाला, "एकटं राहणाऱ्या माणसाचा स्वभाव होतोच हो तसा. नवरा असता तर ऐकून घ्यायला कुणीतरी असतं."

तिच्या हातात एका पँटची पट्टी होती. ती शिवत राहिली. पट्टी संपली. तिने दोरा दाताने तोडला, मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं. तो वाट बघत होता. अक्षरशः वाट बघत होता, थिएटरात पडदा वर जायची बघावी तशी. तिच्या तोंडात आलेलं उत्तर जळजळीत होतं, पण तो त्याच उत्तरासाठी उभा आहे हे तिला दिसलं आणि ते उत्तर तिला एकाएकी देववेना. "आणखी काही आहे का दुरुस्तीला?" तिने विचारलं. तो गेला. जाताना त्याचा पाय दाराच्या चौकटीला आपटला, आणि तिला इतका आनंद झाला की पुढच्या पँटची पट्टी तिने उलटी लावली.

तिने आता बघायला सुरुवात केली. मागच्या खोलीच्या दारातून कटिंगचं टेबल सरळ दिसायचं. एवढी वर्षं तिला जे दिसलं नव्हतं ते शांत बसल्यावर दिसायला लागलं. साखऱ्याच्या हातून बऱ्याच चुका व्हायच्या. पूर्वी चूक झाली की तो हळूच तिला काहीतरी बोलायचा, ती भडकायची, आणि त्या धुरळ्यात चूक कुणाची हे विचारायचं सगळे विसरून जायचे. आता धुरळाच उडत नव्हता. त्यामुळे त्याच्या चुका टेबलावर उघड्या पडून राहायच्या आणि मालकीणबाई त्या उचलून बघायच्या.

*

मग मखमलीचं काम आलं. एका वाद्यवृंदातल्या सगळ्या वादकांना एकसारखे कोट हवे होते, जांभळ्या मखमलीचे. मोठं काम होतं आणि दुकानाचं नाव पणाला लागलं होतं. साखऱ्याने मालकीणबाईंना शब्द दिला, की आजवर कुणी वाचवलं नाही एवढं कापड मी वाचवून दाखवतो.

ती तयार पँटींचा गठ्ठा घेऊन पुढे आली तेव्हा टेबलावर मखमल अंथरलेली होती आणि आखणीही झालेली होती. एका नजरेत तिला कळलं. मखमलीला लव असते, मांजराच्या पाठीसारखी. एका बाजूने हात फिरवला तर मऊ आणि उजळ, उलट फिरवला तर खरखरीत आणि काळपट. म्हणून कोटाचे सगळे भाग एकाच दिशेने आखावे लागतात. साखऱ्याने कापड वाचवायला अर्धे भाग उलटे बसवले होते. मालकीणबाई आत फोनवर होत्या. चार पावलांवर.

तिच्या हातात तेव्हा शिवण नव्हती. तिने गठ्ठा खाली ठेवला, एकेक पँट हँगरला लावली आणि सगळ्या लावून होईपर्यंत विचार केला. मग ती टेबलाशी गेली. शिवणाऱ्या मुली बघत होत्या, काकूही काहीतरी विचारायला पुढे आल्या होत्या. ती मोठ्याने, स्वच्छ आवाजात म्हणाली, "ही मखमल आहे. अर्ध्या भागांची लव उलटी लागलीय. कापू नका."

एवढ्यावर ती थांबली असती तर बरं झालं असतं. पण तिने मान जराशी तिरकी केली, आवाज खाली आणला आणि त्याच्या खांद्यावरचा नसलेला दोरा उचलून टाकला. "होतं असं, नवीन माणसाकडून. तुम्ही काळजी करू नका. मी बघते."

एक मुलगी फिस्सकन हसली.

साखऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मला शिकवताय?" तो म्हणाला. त्याचा आवाज तिने पहिल्यांदाच एवढा वर चढलेला ऐकला. "मागच्या खोलीतून येऊन मला शिकवताय?" त्याने मोठी कात्री उचलली. तिने त्याला अडवलं नाही. कात्री मखमलीत शिरली, कापडाचा कुरकुरीत आवाज होत राहिला, आणि ही मागे आपल्या जागेवर जाऊन बसली. तिचा हात अजिबात हलत नव्हता.

कोट शिवून झाले. ट्रायलच्या दिवशी वादक दिव्यांच्या उजेडात ओळीने उभे राहिले, आणि प्रत्येकाची एक बाजू पिकल्या द्राक्षासारखी आणि दुसरी धूळ बसल्यासारखी दिसायला लागली. ढोलवाला शेजारच्याला म्हणाला, "तुला अर्धाच धुतलाय का रे?" त्यांचा प्रमुख मात्र हसला नाही. त्याने कोट काढला, हँगरला लावला आणि मालकीणबाईंना म्हणाला, "हे असं घालून आम्ही मंचावर बसायचं?"

ते लोक गेल्यावर मालकीणबाईंनी विचारलं, "हे कापताना कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

साखऱ्याने मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "मॅडम आल्या होत्या ना टेबलाशी. त्यांनी काहीतरी गोंधळ घातला, माझं लक्ष विचलित केलं. त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे."

आता तोफ उडणार म्हणून सगळ्या मशिनी थांबल्या. ती आत एका स्कर्टची किनार शिवत होती. किनार संपेपर्यंत ती उठली नाही. बाहेर सगळे ताटकळत उभे. मग तिने दोरा तोडला, बाहेर आली आणि म्हणाली, "मी काय बोलले ते यांच्या सगळ्यांसमोर बोलले. यांना विचारा."

मग कमी ऐकू येणाऱ्या काकू सर्वांत आधी बोलल्या. "कापू नका म्हणाली ती. मला ऐकू गेलं, म्हणजे याला गेलंच असणार."

साखऱ्या फुटला. त्याने एक कोट उचलून जमिनीवर आपटला, टाचण्यांचा डबा उडवला, आणि ओरडायला लागला. तुम्ही सगळे माझ्या वाईटावर आहात. मी मर मर मरायचं आणि नावं मलाच ठेवायची. मी कुणाचं काय वाकडं केलं होतं? टाचण्या फरशीवर घरंगळत होत्या. ती हाताची घडी घालून ऐकत उभी होती. शब्दन् शब्द तिच्या ओळखीचा होता. आपण हे बोलतो तेव्हा इतकं केविलवाणं दिसतं हे तिला माहीत नव्हतं, आणि त्याला तसं दिसताना बघून तिला दया मुळीच आली नाही. गार पाणी प्यायल्यासारखं वाटलं.

मालकीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. "टेबल तुझं. याचं काय करू ते सांग. काढून टाकू?"

हो म्हणायला ओठ उघडले होते. "सकाळी सांगते," ती म्हणाली.

*

"मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं," संध्याकाळी तिने ताईला सांगितलं. "मी आवाज चढवला नाही. मी शिवण संपवून बोलले."

ताईने सगळं ऐकलं. मग विचारलं, "तू त्याला सांगितलंस, की डिवचलंस?"

धाकटीने दुधाखालचा गॅस बारीक केला. "मी डिवचलं."

"मालकीणबाई चार पावलांवर होत्या म्हणालीस."

"होत्या. मी त्यांना सांगितलं नाही. मला त्याने कापलेलं हवं होतं."

"आणि ते कोट परत कोण शिवणार?"

"मुली." तिला त्या फिस्सकन हसलेल्या मुलीचा चेहरा आठवला. धाकटी दुकानातून निघाली होती तेव्हा त्या मुलीसमोर उसवायच्या कोटांचा ढीग होता, आणि ती हसत नव्हती.

"बरं," ताई म्हणाली. "निदान खोटं बोलत नाहीस. आता उद्या काय करायचं ते ठरव."

सकाळी ती मालकीणबाईंसमोर उभी राहिली. "नवे कोट मी कापते आणि मुलींबरोबर शिवायलाही मीच बसते. मखमलीचं मी तुम्हाला येऊन सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. त्याला काढू नका. मागच्या खोलीत बसवा."

मालकीणबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "दया आली?"

"नाही. इथून गेला तर दुसऱ्या दुकानात साखर पेरायला लागेल. मला तो इथे हवाय, डोळ्यांसमोर. आणि एक गोष्ट आणखी. त्या बाहीवाल्या गिऱ्हाइकाला त्याने फोन करायचा. रेघ कुणी सरकवली ते सांगायचं. चष्म्याची माफी मी मागेन, ती माझी आहे."

फोन झाला. साखऱ्या काउंटरशी उभा, मालकीणबाई शेजारी, आणि ती त्याच्या बरोबर समोर. तो वाक्य अर्धवट सोडायला लागला की ती नुसती भुवई उंचवायची. "रेघ... ती मी... हो, मीच," असं म्हणेपर्यंत त्याच्या कपाळावर घाम आला. त्याने नाक घासलं नाही. पण रिसीव्हर त्याने दोन्ही हातांनी धरला होता, आणि तिला तेवढं पुरलं. मग तिने त्याच्या हातातून फोन घेतला, स्वतःची माफी मागितली आणि कात्री घेऊन टेबलाशी गेली.

त्यानंतर कितीतरी दिवस ती रोज सकाळी टेबलाशी उभी राहिली की आधी मागच्या दाराकडे बघायची. साखऱ्या पँटींच्या ढिगाआड वाकून बसलेला असायचा. तिचा दिवस गोड व्हायचा. तिच्याकडून दुरुस्तीला जाणारे कपडे ती स्वतः नेऊन द्यायची आणि विचारायची, "जमेल ना?" तो उत्तर द्यायचा नाही. कधी कधी सुई आपटायचा. मुली एकमेकींकडे बघायच्या.

मग लग्नाच्या कपड्यांची गर्दी सुरू झाली. एका नवरीला तिच्या आईचाच झगा नव्याने बेतून हवा होता. कापड इतकं जुनं की श्वास सोडला तरी विरेल. त्या झग्यात तिचं डोकं पार गुंतलं. एकदा दुपारी चेनची कामं साचलेली दिसली म्हणून तिने काकूंना विचारलं, "हा ढीग कसला? आत कुणी बसत नाही का?"

"तो कुठे येतो आता?" काकू म्हणाल्या. "गेल्या आठवड्यातच गेला सोडून. दुसरीकडे लागला म्हणे. तुम्हाला सांगितलं नाही कुणी?"

ती मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. स्टूल रिकामं होतं आणि त्यावर एक उसवलेली चेन पडली होती. एवढ्या कष्टाने घेतलेला सूड आणि तिला त्याच्याकडे बघायची आठवण राहिली नव्हती, याचा तिला क्षणभर रागच आला. भुकेने वाट बघितलेलं जेवण झोपेत निघून जावं तसं झालं. तो जाताना कसा दिसत होता, हे काकूंना विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

"शिवणाऱ्यांतली ती हसरी मुलगी कशी आहे चेन लावायला?" तिने विचारलं.

"हात बरा आहे," काकू म्हणाल्या. "पण जरा चिडकी आहे."

"असू दे," ती म्हणाली, आणि त्या मुलीला बोलवायला पुढे गेली.